इंदूरचा खराटा आणि गाडगेबाबांचे गाडगे

इंदूर आणि आपला किनारा यांच्यामधले अंतर नकाशावर पुष्कळ दिसते. परंतु नात्यागोत्याच्या हिशेबाने ते तितकेसे दूर नाही. होळकरांचे राज्य माळव्यात स्थिरावले तेव्हापासून घाटावरची आणि कोकणातली कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे जाऊन रुजली. कोणी कारकुनी केली, कोणी शिक्षकी पत्करली, कोणी पौरोहित्य केले आणि बघता बघता ती तिथलीच झाली. २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले, तेव्हा ते परक्या गावी भरले आहे असे कोणालाही वाटले नाही. आमची एक आत्या अशीच लग्न होऊन तिकडे गेली आणि तिची मुलेबाळे आज निम्मी मराठी, निम्मी हिंदी बोलत तेथे सुखाने नांदत आहेत. त्यामुळे इंदूरचे कौतुक कानी आले की मन सुखावते आणि इंदूरचे काही चुकले असे वाटले की ते आपल्याच घरातले चुकल्यासारखे वाटते. आज जे लिहावयाचे आहे ते या दोन्ही भावनांतून लिहावयाचे आहे.

२०२५ च्या जानेवारीत एका घरगुती कार्यासाठी तिकडे जाणे झाले. सकाळी आतेभावाबरोबर देवदर्शनाला गेलो. दर्शन आटोपून बाहेर पडलो, तर देवळाच्या भिंतीपासून जरा दूर, एका झाडाच्या आडोशाला एक म्हातारी उभी होती. तिने हात पुढे केला नव्हता. तोंडाने काही मागितले नव्हते. नुसती उभी होती. जन्मभराची सवय, माझा हात आपसूक खिशात गेला. तोच आतेभावाने मनगट धरले. ‘‘दादा, हात बाहेर काढ,’’ तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘इथे आता पैसे देणाऱ्यावर गुन्हा नोंदवतात.’’ मला वाटले, थट्टा करतो आहे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले तर तो खरोखरीच इकडेतिकडे पाहत होता. कोणी आपल्याकडे बघत तर नाही ना, अशा नजरेने. मी हात बाहेर काढला. म्हातारीनेही ते पाहिले आणि ती मुकाट्याने वळून चालू लागली. खिशातले ते दहा रुपयांचे नाणे मी परत आत जाऊन दानपेटीत टाकले. देवाला दिले तर पुण्य आणि देवाच्या दारातल्या म्हातारीला दिले तर अपराध, हा हिशेब मात्र काही केल्या जुळेना.

प्रसंग क्षुल्लक आहे, हे मान्य. पण त्यामागचा प्रश्न क्षुल्लक नाही. इंदूरच्या जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून शहरात भीक मागण्यावरच नव्हे, तर भीक देण्यावरही बंदी घातली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी संहितेतल्या सर्वपरिचित १४४ कलमाच्या जागी जे आले आहे त्या कलमाखाली, हा आदेश निघाला. अशा आदेशाचा भंग करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागू होते आणि त्यात कमाल एक वर्षापर्यंतच्या कारावासाची व पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. हा आदेश कागदावर राहिला असेही नाही. त्याच जानेवारीत खंडवा रस्त्यावरील एका देवळासमोर भिकारणीला पैसे दिल्याबद्दल एका वाहनचालकावर गुन्हा नोंदवला गेला; त्या गुन्ह्याचे मूल्य दहा रुपये होते. भीक मागणाऱ्याची किंवा देणाऱ्याची खबर प्रशासनाला कळवणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीसही जाहीर झाले. पुढे काही महिन्यांनी इंदूर भिकारीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले.

आता इंदूरची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. नाहीतर ते अन्यायाचे होईल. या शहराने स्वच्छतेच्या क्षेत्रात जे करून दाखवले, त्याला आपल्या देशात तोड नाही. २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसावे होते. पुढच्याच वर्षी ते पहिले आले आणि २०२३ पर्यंतच्या प्रत्येक सर्वेक्षणात पहिलेच राहिले. शेवटच्या वर्षी हा मान सुरतेबरोबर विभागून मिळाला, एवढेच. हे काही घोषणांनी झालेले नाही. घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा करावयास लोकांना शिकवले गेले. कचऱ्याच्या गाड्या गाणे वाजवीत दररोज ठरल्या वेळी दारात येऊ लागल्या. देवगुराडियाच्या माळावर वर्षानुवर्षे साचलेला कचऱ्याचा डोंगर उपसून ती जमीन मोकळी केली गेली. तिथेच २०२२ च्या फेब्रुवारीत दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणारा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे कचरा प्रकल्पाची जागा ठरवता ठरवता पिढ्या सरतात. त्या मानाने इंदूरकरांचा हा पराक्रम आहे आणि त्याचे श्रेय झाडूवाल्या कामगारांपासून घराघरातल्या गृहिणींपर्यंत सर्वांना आहे.

परंतु यशाची एक खोड असते. जे हत्यार एका कामाला उपयोगी पडले, ते दुसऱ्या प्रत्येक कामाला लावून पाहण्याचा मोह त्यातून उत्पन्न होतो. कचरा उचलावयाचा, गाडीत घालावयाचा, शहराबाहेर न्यावयाचा आणि रस्ता मोकळा झाला की काम संपले असे समजावयाचे, ही रीत कचऱ्यापुरती योग्यच आहे. तीच रीत माणसांना लावली तर काय होते, हे इंदूरने एकदा सर्व देशाला दाखवले आहे. २९ जानेवारी २०२१ हा तो दिवस. महानगरपालिकेच्या कामगारांनी रस्त्यावर राहणाऱ्या काही निराधार वृद्धांना मालवाहू गाडीत घातले आणि देवासकडे जाणाऱ्या महामार्गावर, क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवण्यास सुरुवात केली. थंडीचे दिवस होते. काहींना स्वतःच्या पायांवर उभेही राहता येत नव्हते. त्यांच्या कापडाच्या बोचक्यांसकट ही माणसे रस्त्याच्या कडेला ठेवली जात होती. गावकऱ्यांनी हे पाहिले, आरडाओरडा केला, भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रीकरण केले. तेव्हा त्या वृद्धांना पुन्हा त्याच गाडीत चढवण्यात आले.

त्या चित्रफितीने देशभर खळबळ उडाली. महापालिकेच्या एका उपायुक्तांना निलंबित केले गेले, कामगारांना काढून टाकले गेले. त्या वेळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी खजराण्याच्या गणपतीपुढे जाऊन, घडल्या गोष्टीबद्दल देवाची क्षमा मागितली. या कृतीची कोणी थट्टा केली, कोणी प्रशंसा केली. मला तीत एक प्रामाणिक कबुली दिसते: काहीतरी असे घडले होते की ज्याची भरपाई निलंबनाच्या कागदाने होण्यासारखी नव्हती. तथापि क्षमा ज्यांची मागावयास हवी होती, ती माणसे गणपतीच्या गाभाऱ्यात नव्हती. ती त्या गाडीत होती. आणि त्या गाडीतल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न बातमी शिळी होताच मागे पडला. माझा आजचा सगळा मुद्दा या एका प्रश्नाभोवती आहे.

भीकबंदीच्या बाजूने जे सांगितले जाते ते पोकळ नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. लहान मुलांना चौकाचौकांत उभे करून त्यांच्या कमाईवर जगणारी माणसे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंदूरच्याच एका चौकात आपल्या मुलांना भीक मागावयास लावणाऱ्या एका बाईला पकडण्यात आले आणि दीड महिन्यात अडीच लाख रुपये जमल्याची बातमी देशभर गाजली. पकडलेल्या भिकाऱ्यांपैकी काहींची पक्की घरे होती, काहींची मुले नोकरीत होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. प्रशासनाने मुलांना शाळेत घातले, काही वृद्धांना उज्जैनजवळच्या आश्रमात ठेवले, परराज्यातून आलेल्यांना स्वगृही पाठवले. भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची जी योजना निवडक शहरांत प्रथम राबवली गेली, त्यांत इंदूरचा समावेश होता. दहा रुपये फेकून मन हलके करून घेणारा दाता हा त्या मुलाचा शत्रूच असतो, कारण ते दहा रुपये त्या मुलाला उद्या पुन्हा त्याच चौकात उभे करतात. हा युक्तिवाद मला पूर्णपणे मान्य आहे. हातात पाटी असावयाच्या वयात ज्याच्या हातात कटोरा आहे, त्या मुलाला पैसे देऊ नयेत, असेच मीही म्हणेन.

पण मग कायदा कोणावर चालवावयाचा? मुलांना भीक मागावयास लावणाऱ्यासाठी कायदे आधीच आहेत आणि ते चांगले कडक आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७६ व्या कलमात अशा माणसाला पाच वर्षांपर्यंतचा कारावास आणि एक लाख रुपये दंड सांगितला आहे. मुलाला अपंग केले असेल तर शिक्षा त्याहून मोठी आहे. ते कलम वापरावयाचे तर तपास करावा लागतो, टोळीच्या म्होरक्यापर्यंत पोहोचावे लागते, साक्षीपुरावा गोळा करून न्यायालयात उभे राहावे लागते. त्यापेक्षा दहा रुपये देणाऱ्या वाटसरूला पकडणे फार सोपे. तो पळून जात नाही, त्याच्याकडे वाहन असते, वाहनाला क्रमांक असतो. सोप्या मार्गाने आकडे वाढतात. परंतु चौकाचौकांतल्या मुलांचा मालक कोण, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

या विषयावरील आपल्या देशातील कायद्यांचा इतिहासही येथे आठवावा. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हाच गुन्हा ठरवला. पहिल्या वेळी सापडल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. आपल्या गोवा, दमण व दीवसाठी १९७२ साली आणि मध्य प्रदेशासाठी १९७३ साली असेच कायदे झाले. दहा वर्षे! घरफोडी करणारा पुष्कळदा याहून लवकर सुटतो. दिल्लीत लागू असलेला हा मुंबईचा कायदा ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे न्यायालयाने घटनाबाह्य म्हणून रद्द केली. मात्र त्याच निकालात, लोकांना बळजबरीने भीक मागावयास लावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध सरकारने हवा तर वेगळा कायदा करावा, अशी वाटही मोकळी ठेवली. जुलै २०२१ मध्ये करोनाच्या काळात रस्त्यांवरून भिकारी हटवावेत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ती मान्य करण्यास न्यायालयाने नकार दिला आणि हा मूलतः गरिबीचा प्रश्न आहे असे सुनावले. न्यायालये मागणाऱ्याला गुन्हेगार समजू नका असे सांगत असताना, प्रशासनाने देणाऱ्यालाही गुन्हेगारांच्या रांगेत आणून बसवले आहे.

हे इंदूरपुरते आहे असेही समजू नये. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादेत जागतिक उद्योजकांची परिषद भरावयाची होती; त्याआधी तेथे भीकबंदी झाली. २०२३ च्या मार्चमध्ये परदेशी पाहुणे यावयाचे होते म्हणून नागपुरात ती झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत गुंतवणूकदारांच्या परिषदेच्या तोंडावर भोपाळात झाली. पाहुणे येणार म्हटले की घरातला अडगळीचा पसारा मागच्या खोलीत ढकलून दार लोटून घ्यावे, असाच हा प्रकार आहे. २०११ च्या जनगणनेत या देशात भिकारी आणि भटके निराधार मिळून ४,१३,६७० माणसे नोंदवली गेली. एवढी माणसे अडगळीच्या खोलीत मावत नाहीत. एका शहराने ती हाकलली की दुसऱ्या शहराच्या पुलाखाली ती उगवतात; मग दुसरे शहर आदेश काढते.

आता ज्या वस्तूवाचून आपले पान हलत नाही त्या भ्रमणध्वनीकडे वळू. २०२१ मध्ये क्षिप्रेच्या गावकऱ्यांच्या हाती हे यंत्र नसते, तर ते वृद्ध त्या रात्री कोठे असते हे सांगता येत नाही. सत्ता दुबळ्याशी कशी वागते, हे त्या यंत्राने जगासमोर आणले. चारच वर्षांनी त्याच जिल्ह्यात त्याच यंत्राला वेगळे काम मिळाले: शेजारच्या माणसाने भिकाऱ्याच्या हातावर नाणे ठेवले की ते टिपावे, कळवावे आणि हजार रुपये घ्यावेत. यंत्र तेच, पहिल्यांदा ते वर रोखलेले होते, दुसऱ्यांदा ते बाजूला, शेजाऱ्याकडे वळले. यंत्राला बरेवाईट कळत नसते, हे आपण शाळेत निबंधात लिहीत आलो. त्याला कोणाकडे वळवावयाचे हे सरकार बक्षीस लावून ठरवू लागले, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ नव्याने कळतो. दहा रुपयांच्या दानावर हजार रुपयांचे बक्षीस! दया करणाऱ्यापेक्षा चुगली करणारा शंभर पटीने अधिक मोलाचा नागरिक, असा हा हिशेब आहे. अशा हिशेबाने रस्ते कदाचित स्वच्छ होतील. शेजारधर्म मात्र मलिन झाल्यावाचून राहणार नाही.

याच यंत्राने आणखी एक बदल घडवून आणला आहे, तो इतका हळू झाला की आपल्या ध्यानातही आला नाही. २०१६ पासून भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची नवी पद्धत आली आणि आज भाजीवालीपासून नारळवाल्यापर्यंत सर्वांकडे ती काळी-पांढरी चौकट टांगलेली असते. खिशात सुटे पैसे असणे हीच दुर्मीळ गोष्ट झाली. बाजारहाटाला ही मोठीच सोय आहे; तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. पण ज्याच्यापाशी बँकेचे खाते नाही, ओळखीचा कागद नाही, यंत्र नाही, त्याच्याशी आपला जो एक शेवटचा व्यवहार उरला होता तो नाण्याचा होता. तो नकळत बंद होत आहे. अशा वेळी आदेश काढून तो कायमचा बंद करण्याची इतकी घाई कशाला?

स्वच्छतेचे नाव घेतले की महाराष्ट्रात एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो: गाडगेबाबा. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे, हीच त्यांची ओळख. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेला हा परीट समाजातला माणूस गावात शिरला की आधी रस्ता झाडू लागे. गटारे उपसावीत, उकिरडे साफ करावेत आणि मग घरोघर भाकरी मागून त्याच गाडग्यात खावी, हा त्यांचा क्रम. रात्री कीर्तनात ते लोकांच्या मनातली घाण झाडीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक इत्यादी ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आंधळ्यापांगळ्यांना जेवू घातले. स्वतःसाठी त्यातला एक पैसा घेतला नाही. १९५६ च्या डिसेंबरात वाटेतच त्यांचा देह पडला. महाराष्ट्र सरकारने पुढे ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचे नाव दिले, ते उचितच होते. पण त्या नावात खराटा घेतला आणि गाडगे मात्र विसरले, असे होता कामा नये. बाबांच्या एका हातात स्वच्छता होती आणि डोक्यावर भिक्षापात्र होते. या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. हा माणूस आज इंदूरच्या चौकात झाडू मारून एखाद्या दारी भाकरीसाठी उभा राहिला असता, तर त्या आदेशाच्या अक्षरानुसार त्यांना उचलावे लागले असते आणि भाकरी घालणाऱ्या बाईवर गुन्हा नोंदवावा लागला असता. ज्या नियमात गाडगेबाबा बसत नाहीत, त्या नियमात काहीतरी चुकले आहे असे समजावयास हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाबा साधू होते. सर्व भिकारी साधू नसतात. खरे आहे. म्हणूनच दुसरे उदाहरण घेऊ. बाबा आमटे यांना भीक मुळीच मान्य नव्हती. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. ज्यांची झडलेली बोटे दाखवून लोक पैसे मिळवीत, त्याच बोटांनी तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, घरे बांधली गेली. भीक तेथेही संपली. परंतु ती आदेशाने संपली नाही. हात पसरण्याऐवजी त्या हातांना करावयास दुसरे काहीतरी मिळाले, म्हणून संपली. आधी जमीन, आधी विहीर, आधी घर, आणि मग भिकेला रजा, हा त्यांचा क्रम होता. इंदूरने आदेश आधी काढला. क्रम उलटला की औषधाचेही विष होते.

आणि खुद्द इंदूरला तर दूर कोठे पाहावयास नको. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य केलेल्या अहिल्याबाईंचे नाव त्या शहराच्या विमानतळाला आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट बांधले, देवळे उभारली, अन्नछत्रे घातली. वाटसरू उपाशी जाऊ नये ही त्यांच्या राज्याची नीती होती. त्यांच्या जन्माची तीनशे वर्षे ३१ मे २०२५ रोजी पूर्ण झाली. त्यानिमित्त मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम इंदूरच्या राजवाड्यात भरवली गेली. ज्या वर्षी अन्नछत्रांच्या राणीचा हा सन्मान झाला, त्याच वर्षी तिच्या नगरीत म्हाताऱ्या बाईच्या हातावर नाणे ठेवणे गुन्हा ठरले. इतिहासाची थट्टा यापेक्षा निराळी काय असते?

डोळ्यांना दिसते ते स्वच्छ झाले की सर्व काही स्वच्छ झाले, हा समज किती घातक असतो, याची एक भीषण साक्ष इंदूरनेच २०२५ च्या अखेरीस दिली. भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि कित्येकांना प्राण गमवावे लागले. ज्या शहराच्या रस्त्यांवर कागदाचा कपटा दिसत नाही, त्याच्या रस्त्यांखालच्या नळांत काय वाहते आहे हे कोणी पाहिले नव्हते. रस्त्यावरचा कचरा परीक्षकाला दिसतो. जमिनीखालची फुटकी नळी दिसत नाही. शहराबाहेर सोडलेला म्हाताराही दिसत नाही. गुण दिसणाऱ्या गोष्टींवर मिळतात, म्हणून न दिसणाऱ्या गोष्टींकडे लक्ष कमी जाते. हा दोष एका अधिकाऱ्याचा नव्हे, गुणपत्रिकेवर चालणाऱ्या सर्वच कारभाराचा आहे.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, देणाऱ्यावरचा गुन्हा आणि खबऱ्याचे बक्षीस या दोन्ही गोष्टी बंद कराव्यात. मुलांना पैसे देऊ नका, त्याऐवजी अमुक ठिकाणी कळवा, असे जरूर सांगावे, लोक ऐकतात. ज्या इंदूरकरांना ओला आणि सुका कचरा वेगळा करावयास शिकवता आले, त्यांना हेही शिकवता येईल. दुसरी, पोलिसांचे सगळे बळ मुलांच्या मालकांवर खर्च व्हावे. त्यासाठीचा कायदा तयारच आहे. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. शहर भिकारीमुक्त झाले असे ज्या दिवशी जाहीर होते, त्याच दिवशी एक ताळेबंदही जाहीर व्हावा. नावे नकोत, पण इतक्या माणसांना उचलले, त्यांतली इतकी अमुक आश्रमात आहेत, इतकी घरी पोहोचली, इतकी मुले शाळेत टिकली, इतकी रुग्णालयात आहेत, इतकी मरण पावली आणि इतक्यांचा पत्ता नाही, असा तो सहा सहा महिन्यांनी प्रसिद्ध व्हावा. रोजच्या कचऱ्याचे वजन जे शहर टनांत सांगू शकते, त्याला माणसांची मोजदाद अवघड जाऊ नये. शहर स्वच्छ झाले की नाही हे रिकाम्या चौकावरून ठरवू नये. त्या चौकातून गेलेली माणसे आज कोठे जेवतात यावरून ठरवावे.

हे सारे इंदूरला सांगताना आपणही आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. १९७२ चा तो कायदा आपल्याकडेही आहे. पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेली आणि आजही वृद्धाश्रम चालवणारी प्रोवेदोरिया ही सार्वजनिक साहाय्याची संस्था आपल्याकडे आहे. म्हणजे कायद्याबरोबर आसऱ्याचीही एक परंपरा आपल्याला लाभली आहे. तरीही जत्रेच्या, पर्यटनाच्या हंगामात ‘ही माणसे हटवा’ अशी मागणी आपल्याकडे दरवर्षी उठतच असते. आपल्या देवस्थानांत संतर्पणे होतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात, पात्रांवर अन्न शिल्लक राहते. त्या पंगतीपासून शंभर पावलांवर बसलेल्या माणसाचे नाव, गाव, आजार, नातलग यांची विचारपूस करणारा एक माणूस देवस्थान समितीने नेमला, तर तो खर्च दीपमाळेच्या रंगापेक्षा अधिक असणार नाही. नाणे देणे पुरेसे नाही, हे इंदूरचे म्हणणे बरोबरच आहे. नाण्याच्या जागी विचारपूस आली पाहिजे. नाण्याच्या जागी पोलीस येऊन भागणार नाही.

परत निघताना आतेभाऊ मला स्थानकावर पोहोचवावयास आला. वाटेत रस्ते खरोखर आरशासारखे होते आणि त्याला त्याचा अभिमान होता, तो असावयासही हवा. मी त्याला एवढेच विचारले, ‘‘परवा देवळापाशी ती म्हातारी होती ना, ती आता कुठे असेल रे?’’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘दादा, खरं सांगू? आम्ही कोणीच कधी विचारलं नाही.’’ त्याच्या बोलण्यात कसूर काढण्याचा अधिकार मला नव्हता. मीही तिचे नाव न विचारताच खिशातून हात बाहेर काढला होता.